खुडूक कोंबडीचा डबा

सासूबाई गावाहून आमच्याकडे नवागामला राहायला आल्या, तेव्हा पाटीत तीन कोंबड्या घेऊन आल्या. घरामागे थोडी मोकळी जागा होती, तिथे सासूबाई रमल्या. कोंबड्या मात्र अंडी घालायला घरात यायच्या, आणि नेमक्या माझ्या साड्यांच्या गठ्ठ्यावर बसायच्या. मी घरी धागा कटिंगचं, म्हणजे साड्यांचे सुटे धागे कापायचं काम करते. मिलच्या साड्यांवर कोंबडीची घाण लागली तर माझं काम जाणार.

म्हणून मीच डबे करायला घेतले. फरसाणवाल्याकडून तेलाचे रिकामे डबे आणले, साबणाने घासून काढले, एक बाजू कापली. कापलेली धार पक्कडीने आत दुमडली, वर जुन्या चादरीची पट्टी शिवली, म्हणजे कोंबडीचा पाय कापणार नाही. तळाला उसाचं वाळलेलं पाचट घातलं आणि डबे मागच्या भिंतीला ओळीने आडवे बांधले. सासूबाईंनी प्रत्येक डब्यात हात घालून पाहिला. "मस्त करं पोरी," म्हणाल्या. शेजारणीलाही बोलावून दाखवलं. मला फार बरं वाटलं होतं. आता आठवलं की तेच जास्त मनाला लागतं.

उन्हाळ्यात त्यांची तांबडी कोंबडी खुडूक झाली. सासूबाईंनी तिच्याखाली अंडी ठेवली. पिल्लं निघायला थोडे दिवस उरले होते, तेवढ्यात चलथाणला नणंद आजारी पडली आणि त्यांना तिकडे जावं लागलं. निघताना म्हणाल्या, "तिले रोज उठाड, पानी पाज. ती आपलं आपलं उठाव नहीं."

दोन दिवस मी ते नीट केलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गठ्ठा न्यायला टेम्पो येणार होता आणि अर्ध्या साड्या तशाच पडल्या होत्या. दुपारी भांडी ठेवायला मागे गेले, तर तांबडी चोच उघडी टाकून धापा टाकत होती. पंख अंगापासून लांब धरलेले. ऊन थेट डब्यावर आलं होतं. मी पाहिलं. वाटलं, उबवणारी कोंबडी असंच करत असेल. एवढ्या चार साड्या होऊ देत, मग पाणी पाजते.

टेम्पो गेल्यावर मी मागे गेले. ती अंड्यांवरच मान टाकून पडली होती. डब्याला हात लावला तर अजून चटका बसत होता.

नवरा लूमच्या कारखान्यातून आला, तेव्हा मी रडत होते. तो म्हणाला, "अगं, कोंबडीच होती. भेस्तानच्या बाजारातून तशीच दुसरी आणतो. अंडी मांजराने फोडली म्हणून सांग. आईला काय कळतंय?" मी नाही म्हणाले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने खरंच तशीच तांबडी आणली.

सासूबाई आल्या त्या पिशवी न ठेवताच मागे गेल्या. मी मागोमाग गेले आणि पाठ केल्यासारखं बोलले, "मांजराने अंडी फोडली, आत्याबाई."

त्या खाली बसल्या, तोंडाने चक्‌चक्‌ करून हात पुढे केला. त्यांच्या दोन कोंबड्या धावत आल्या. नवी तांबडी बिचकून भिंतीकडे पळाली. त्यांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

"हाई आपली नहीं."

मग मी सगळं सांगितलं. डबा, ऊन, बाजारातली कोंबडी, सगळं. त्यांनी डब्याच्या पत्र्यावर तळवा ठेवला आणि पटकन उचलला.

"दुपारले देखं नहीं का तू तिले?"

"बघितलं होतं."

"मंग?"

"साड्या द्यायच्या होत्या."

त्या रागावल्या असत्या तर मी काहीतरी बोलले असते. डबे त्यांनाही आवडले होते, हेसुद्धा बोलले असते कदाचित. पण त्यांनी उठून पाय धुतले आणि चहा ठेवला. मलाही दिला.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघींनी आंब्याच्या लाकडी पेट्यांची नवी खोकी केली. मी फळ्या धरल्या, त्यांनी खिळे ठोकले. या वेळी खोकी घरामागच्या कडुनिंबाखाली ठेवली, तिथे दिवसभर सावली असते. नवी तांबडीही हळूहळू तिथे बसायला लागली. तिच्याखाली अंडी ठेवली आणि पावसाळ्यात पिल्लं निघाली. सासूबाईंनी मला हाक मारून दाखवली. त्यांच्या बोलण्यात कुठेही अढी नव्हती.

फक्त आता चलथाणला जायचं असलं, की त्या कोंबड्या शेजारणीकडे सोपवतात. परवा शेजारीण म्हणाली, "मावशी, सून घरीच असते ना?"

मी ओट्यापाशी होते. सासूबाई म्हणाल्या, "तिले गंज काम ऱ्हास, माय." मला खूप काम असतं हे सांगताना आवाजात खोच नव्हती, खरोखरची काळजी होती. मी तशीच भांडी घासत राहिले. आतून म्हणावंसं वाटत होतं, राहू द्या ना माझ्याकडे, मी बघेन.