चिंचेने घासलेला रुपया
तांब्याची भांडी घासायला चिंच भिजत घातली, की तिच्या आंबट वासाने मला जळगावच्या सराफ बाजारातली एक दुपार आठवते. शिलाई मशीन घ्यायचं म्हणून आई लक्ष्मीपूजनातला राणीछाप रुपया विकायला निघाली होती, आणि निघण्यापूर्वी तिने तो चिंच-राखेने घासून आरशासारखा लखलखीत केला होता. जुनी नाणी घेणारा म्हातारा सराफ भिंग लावून हळहळला, "अक्का, हा काळाच आणायचा होता. शौकीन लोक त्या काळेपणाचेच जास्त पैसे मोजतात. घासलात, आता नुसता चांदीचा भाव." मला रडू फुटायचंच बाकी होतं. आईचा आवाज मात्र चढला, "भाऊ, मळक्या तोंडनी लक्ष्मी बजारमा कशी आनू? नको माले तुमना भाव!" रुपया पदराच्या गाठीत बांधून ती ताठ मानेने दुकानाची पायरी उतरली. मशीन पुढच्या वर्षी कापसाच्या पैशांतून आलं. रुपया आता माझ्या देव्हाऱ्यात आहे. दर धनत्रयोदशीला मी तो चिंचेने खसाखसा घासते आणि त्याची किंमत आणखी थोडी कमी करते.