तांब्याच्या संयुगांचे अभ्यासक : आमचे हटवार सर

सानगडीहून पवनीच्या महाविद्यालयात मी बी.एस्सी.ला आले, तेव्हा प्रा. केशवराव हटवार सरांची पहिली भेट झाली. पुढे एम.एस्सी.ला मला नागपूरला पाठवायला वडील तयार होईनात. सर स्वतः सानगडीला आले, अंगणात बसले आणि वडिलांचा होकार घेऊनच उठले. शिकून मी त्यांच्याच रसायनशास्त्र विभागात डेमॉन्स्ट्रेटर झाले.

तांबे, कोबाल्ट, निकेल यांचे क्षार सेंद्रिय रेणूंशी जोडून सर नवी संयुगे तयार करीत. नुसत्या सेंद्रिय रेणूला न जुमानणारे जंतू, त्याच रेणूला धातूची जोड मिळताच मरत. थाळीत वाढवलेल्या जंतूंवर आम्ही संयुगात भिजवलेली कागदाची चकती ठेवत असू. जंतू मेले की चकतीभोवती स्वच्छ वलय दिसे. ते दिसले की सर लहान मुलासारखे हसत.

एका वर्षी धानकापणीत सरांच्या पत्नी यमुनाकाकूंच्या पायाला विळा लागला. जखम चिघळली, जंतू रक्तात भिनले. भंडाऱ्याच्या दवाखान्यात औषधे लागू पडेनात. एखादे तरी औषध चालते का, हे पाहायला सरांनी जखमेतला पू आणला. मी थाळ्या लावल्या आणि औषधांच्या चकत्यांशेजारी सरांच्या संयुगाचीही एक ठेवली. दुसऱ्या दिवशी सर आणि सिहोऱ्याहून आलेले काकूंचे धाकटे भाऊ श्रावणभाऊ थाळीवर वाकले. दवाखान्यातल्या एकाही औषधाभोवती वलय नव्हते. सरांच्या तांब्याच्या संयुगाभोवती मात्र ते ठळक उमटले होते.

"भाऊजी, हे तुमचंच औषध न? मंग माह्या बाईले काहून नाही देत?" श्रावणभाऊंनी विचारले.

"श्रावण, हे औषध नोहे. यानं जंतू मरते. माणसाच्या रक्तात गेल्यावर काय होते, मले मालूम नाही."

"बाई त मरूनच राहिली न!"

सरांनी थाळीवर झाकण ठेवले. मग म्हणाले, "तिच्यावर मी प्रयोग करणार नाही."

काकू गेल्या. तेरवी आटोपून सर विभागात आले. वापरलेल्या थाळ्यांतले जंतू वाफेने मारायला आमच्याकडे ऑटोक्लेव्ह नव्हता. काकूंनी दिलेला घरचा कुकर होता. त्यात त्या थाळ्या सरांनी स्वतः ठेवल्या आणि शिट्टी होईपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

श्रावणभाऊंनी सरांशी बोलणे सोडले. सरांनी मात्र त्यांच्या मुलीला आपल्या घरी ठेवून पदवीपर्यंत शिकवले. काही वर्षांनी नागपूरच्या एका प्रयोगशाळेत ते संयुग उंदरांना टोचले गेले. एकही उंदीर जगला नाही. मी धावत जाऊन म्हटले, "सर, तुमचा निर्णय बरोबर होता!"

सर म्हणाले, "उंदीर मेले, बाई. त्यात माझं काय बरोबर झालं?"

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. संयुगांचे काम सरांनी थांबवले नाही. जंतूंना मारील पण माणसाला जपेल, असे काही ते आजही शोधत आहेत.

आज सरांची साठी पूर्ण होत आहे. काकूंशिवायचे आयुष्य आणखी लांबो असे म्हणताना जीभ अडखळते. पण आम्ही विद्यार्थी स्वार्थी आहोत. सर, वेळेवर जेवत जा, प्रकृतीला जपा आणि अजून पुष्कळ वर्षे आमच्यात राहा.