उजवाड नव्हे, प्रकाश!

निवृत्त शिक्षिका चहाला जमल्या की किस्से साचत जातात. इतरांचे आपण रंगवून सांगतो. स्वतःचे मात्र घशात अडकतात. डिचोलीतल्या माझ्या ओसरीवरचे हे किस्से बहुतेक दुसऱ्या प्रकारचे.

ओसरीवर मी मराठीची, नाईकबाई गणिताच्या, आणि सुट्टीवर आलेली आमची विद्यार्थिनी मेधा. ती प्रयोगशाळेत प्रकाशाने चुंबक उलटवते. माहिती साठवणाऱ्या चकतीवर अतिसूक्ष्म चुंबकीय ठिपके असतात. त्यांची दिशा वर की खाली, हीच तिथली अक्षरे. लेझरच्या निमिषाहून लहान झोताने ती पालटता आली, तर पुढे माहिती फार वेगाने आणि कमी विजेत लिहिता येईल.

मेधाने हे समजावले त्याच संध्याकाळी नाईकबाईंनी फ्रिजवरच्या चुंबकावर बॅटरी धरली. हात भरून आल्यावर म्हणाल्या, "अगो, हे हट्टी आहे! अजून चिकटतेच!"

"बाई, तुम्ही त्याला नुसता उजेड दाखवलात," मेधा म्हणाली. "आम्ही चापट मारतो!"

मी म्हटले, "चुंबकाला चापट मारत नाहीत. वाक्य पुन्हा कर."

तिने केले!

* * *

वाचनालयात मेधाचे व्याख्यान ठरले. 'लेझर पल्स' खोडून मी 'प्रकाशस्पंद' हा शब्द घडवला आणि सरावात तो तिच्याकडून घोटून घेतला.

नाईकबाईंनी हळूच विचारले, "हा प्रकाश स्पंद कोण गो? पेडण्याचा?"

मी हसले नाही.

* * *

आदल्या दिवशी मेधा म्हणाली, "बाई, बाबा येणार आहेत. मी काय करते, ते त्यांना अजून सांगताच आलेले नाही. कोणी विचारले की 'कंप्युटराचा कायतरी' म्हणतात. उद्या त्यांना कळायलाच हवे."

तिचे बाबा सावंतवाडीकडचे. हयात खनिजाच्या ट्रकवर गेली.

मी म्हटले, "शुद्ध बोल, म्हणजे सर्वांना कळेल."

* * *

व्याख्यानात तिची नजर पहिल्या रांगेतल्या बाबांवर गेली आणि जीभ घरच्या बोलीवर आली. "बाबा, उजवाडाची एक थापट मारली, की चुंबक कूस बदलता..."

बाबा पुढे सरकले. भर सभेत विचारते झाले, "आणि मगे?"

"उजवाड नव्हे, प्रकाश!" मी खुर्चीतूनच म्हणाले. "आणि बदलता नव्हे, बदलते!"

सभागृह हसले. मेधा लाल झाली आणि थेट प्रकाशस्पंदावर गेली. शेवटपर्यंत तिची एकही चूक झाली नाही. बाबा खुर्चीला टेकून छताकडे पाहत राहिले.

* * *

चहाच्या वेळी ते मुद्दाम माझ्याकडे आले. हात जोडले.

"बाई, तुमचे उपकार! चेडू किती शुद्ध बोललां! काय बोललां, तां मातर माका कळूक नाय."