सोनबाचा घरातला पयला उन्हाळा

मानूस जत्रंत हरवतो, बाजारात हरवतो. आमच्या शेजारचा सोनबा सोताच्या अंगनात हरवला व्हता. खोटं वाटत आसंल तर जळोचीत कुना म्हाताऱ्या मानसाला इचारा. नवं पैसं निगालं त्या सालचा उन्हाळा. आन्याचं पैसं किती, ह्येचा समद्या बारामतीच्या बाजारात घोळ चाललेला. पर सोनबाच्या डोक्यातल्या घोळापुढं त्यो काईच न्हवता.

मी रतन. आमी माळी. फाट्याच्या, म्हंजी कालव्याच्या, पान्यावर वांगी, काकडी, मेथी काढायची आन् बारामतीला न्हेऊन इकायची. माजं कारभारी म्हंजी कुंडलिकराव. घ्या, घेतलं नाव! आता ह्या वयात कोन दटावतंय?

सोनबा धनगर. उंच, वाळका, डोईला लाल पटका, खांद्याव घोंगडं. दसरा झाला की बायकू म्हाळसा, घोडी, कुत्री आन् मेंढरं घेऊन त्यो घाट उतरायचा, ते मिरगाच्या तोंडाला परत. आमच्या मळ्याच्या वरच्या अंगाला त्येच्या आज्यानं ठेवलेला जिमनीचा तुकडा व्हता आन् त्येच्यात एक छप्पर. पन्नाशीला आला गडी, पर सोताच्या गावचा उन्हाळा त्येनं कदी बघितलाच न्हवता. गावातला लिंब कवा फुलतो त्येला ठावं न्हाय, गावचा आंबा आंबट का ग्वाड त्येबी ठावं न्हाय.

त्या साली म्हाळसा आडून बसली. आदल्याच साली तेंनी लेक दिली व्हती सुप्याकडं. नकोशी तिचं नाव. म्हाळसा नवऱ्याला म्हनाली, "आखितीच्या सनाला लेकी माहेरी येत्यात. माजी लेक कुटं येनार? कोनच्या घाटात हुडकंल आपल्याला? मी वाटंवर जलमले, वाटंवर बाळंत झाले, माजं झालं गेलं. लेकीला एक दार पायजे का नगं?"

सोनबा दोन दिस मेंढरांच्यात जाऊन बसला. शेवटी मेंढरं मेव्हन्याच्या, बिरूच्या हवाली केली. बोली आशी ठरली की ह्यो एक उन्हाळा घरात काढायचा. जेठात बिरू परत आला, की सोनबानं सांगायचं. मेंढरं मागारी घिऊन पुन्ना वाट धरायची, न्हायतर ती कायमची बिरूला द्यायची आन् हितं मातीत राबायचं. म्हाळसा म्हनाली, "तुमी म्हनाल तसं." बाई आसं म्हनती तवा तिचा जीव किती टांगनीला लागल्याला आसतो, ते मला इचारा.

झालं! उन्हाळा सुरू झाला आन् आमची करमनूक सुरू झाली. सोनबा पहाटं उटायचा, म्हाळसाची गाडगी-मडकी, वाकळा, तवा, समदं दारात आनून रचायचा आन् मंग हुबा ऱ्हायचा. म्हाळसा म्हनायची, "अवो, कुटं निगालाव?"

"व्हय की," ह्यो म्हनायचा, "कुटं?"

आन् समदं परत आत न्हेऊन ठिवायचा. सवय दुसरं काय! उभा जलम रोज नवं रान, नवी चूल. एका जागी दोन दिस काढायचं म्हंजी आजारीच पडाया पायजे, आसं त्येचं गनित.

दुपारी गडीमानसं फाट्यात डुंबायला जायाची. आमचं कारभारी त्येला दंडाला धरून न्ह्यायचं. पर ह्यो पान्यात उतरंल तर शपत! काठाव बसून समद्यांची कापडं राखायचा, आन् मानसं वर याया लागली की बोट नाचवून मोजून घ्यायचा. एक दिस म्हस्कूतात्या, गावातलं म्हातारं मानूस, थंड लागतंय म्हनून गळ्याइतक्या पान्यात बसून ऱ्हायले. तर ह्यो बोंबलत उटला, "एक कमी हाय! आरं, एक कमी हाय!" तात्या पान्यातनं वरडले, "मेल्या, मी काय मेंढी हाय व्हय?" हसून हसून लोकांची पोटं दुखली. सोनबाला काय हसू आलं न्हाय. त्यो आपला घरी आला आन् म्हाळसाला म्हनाला, "ती मानसं पान्यात जात्यात, भायेर येत्यात, परत जात्यात. तेंचं काय हरवलंय त्येच्यात?"

कुरडयांच्या दिशी तर त्येनं कहर केला. आमी बायका माज्या अंगनात जमलो व्हतो. गव्हाचा चीक शिजवला. चीक शिजला की पयल्यांदा गरमगरम वाटीत घिऊन गूळ-दूध घालून खायाचा, मंग कामाला लागायचं. म्हाळसानं जलमात पयल्यांदा सोऱ्या हातात धरला. तिची पयली कुरडई आशी वाकडी पडली की आमच्यातली छबूबाई म्हनाली, "म्हाळसे, ही कुरडई हाय का तुज्या नवऱ्याचा पटका?" म्हाळसा जी हसाया लागली, जी हसाया लागली, खाली बसली, डोळ्यातनं पानी आलं तरी थांबंना. म्या सोनबाकडं बघितलं. कावळं हाकायला त्येला बसवला व्हता. त्यो काठी धरून बायकूकडं बघतच ऱ्हायला, जनू ही बाई कोन, कुनाच्यातली, आसं. कावळं हिकडं चीक घिऊन पळालं तरी त्येला पत्त्या न्हाय.

मंग मात्र आसा राखाया बसला, की सांजच्याला मी माज्याच कुरडया उलटायला गेले तर मला आडवा आला. "म्हाळसाला इचारून या," म्हनला. माजं अंगन, माजं गहू, आन् ह्यो मलाच आडवतोय! चांगलं झापलं त्येला. तवा कुटं बाजूला झाला.

आता आमरसाचं आयका. आमच्या बांधाव एक आंब्याचं झाड. आंबं पिकलं तसं कारभारी म्हनालं, "सोनबाला आन् म्हाळसाला जेवाया बोलवू." बोलावलं. लिंबाखाली पानं मांडली. रस, पोळ्या, कुरडई, कांद्याची भजी. आमचं कारभारी वाढनार आन् मी पोळ्या लाटनार, आसं दर साली आमचं ठरल्यालं. ते वाढताना चोरून एक भजं माज्या तोंडात घालत्यात, आन् मी कुनी बघितलं तर म्हनून त्येंच्यावर डाफरते. लई ग्वाड दिस आसतो त्यो. सोनबा खाली मान घालून जेवला, पोटभर जेवला, आन् उटताना मळा निरखून बघत म्हनला, "चांगलं हाय रान." आमाला वाटलं, वा, गडी रमाया लागला.

सकाळी मळ्यात जाऊन बघते तर काय! बिरूच्या संगं चालू न शकनारी चार लंगडी-पांगळी मेंढरं सोनबाजवळ ऱ्हायली व्हती. ती वाघरंत कोंडून, म्हंजी दोरीच्या जाळीत, माज्या मळ्यात बसवलेली. आन् ह्यो काठी टेकून राखन करतोय. मोकळं रान बघून बसवली व्हती बिचाऱ्यानं. पर त्या मोकळ्या रानात म्या आदल्याच सकाळी काकडीचं बी टोचलं व्हतं! समद्या सऱ्या खुरांनी तुडवून सपाट.

"आरं मुडद्या! काय केलंस ह्ये?" मी वरडले. कारभारी पळत आलं.

सोनबा घाबरला. "काल तुमच्यात जेवलो की," म्हनाला. "मंग रान खतवून द्याया नगं?"

तवा आमच्या डोक्यात उजेड पडला. धनगर मेंढरं दुसऱ्याच्या रानात बसवतो, लेंडीखत पडतं, आन् त्येच्याबद्दल रानवाला त्येला दानं देतो, भाकरी देतो. सोनबाला आजपातूर ज्येनं ज्येनं जेवाया घातलं ते आसंच. बिनकामाचं जेवन आसतं ह्येच त्येला ठावं न्हवतं.

आमचं कारभारी म्हनालं, "सोनबा, आरं ते जेवन तसलं न्हवं. उगंच बोलावलं व्हतं."

"उगंच कशापायी?"

"आपलं म्हनून. उन्हाळा हाय, आंबं पिकल्यात, एकट्यानं काय खायाचं?"

"मंग ह्ये मी फेडू कसं?"

"फेडायचं न्हाय!"

सोनबाचं त्वांड आसं झालं व्हतं की माजा राग कुटल्या कुटं पळाला. "कुंडलिकराव," त्यो म्हनाला, "मला ह्यातलं काय कळंना बगा." वाघर गुंडाळली आन् मेंढरं घिऊन गेला. मी दुसऱ्यांदा बी टोचलं. तोंडानं शिव्या देत टोचलं, पर मनात त्येची कीव यायाची.

आखितीला नकोशी आली. म्हाळसाची काय ती धांदल! अंगन सारवलं, दाराला आंब्याचा डहाळा बांधला, लेकीच्या डोईवरनं भाकरतुकडा ववाळून टाकला. माय-लेकी दिसभर बोलत बसायच्या. आन् सोनबा? घरी आलेल्या लेकीसंगं बापानं करायचं काय, ह्योच त्येला पेच. सारका उटबस करायचा. शेवटी आमच्या कारभाऱ्याला इचाराया आला. ते म्हनालं, "खायाला आन की काय तरी पोरीला."

तसा गडी भर उन्हात बारामतीला चालत गेला. टेसनाजवळ लाकडाच्या भुश्शात घालून बर्फ इकायचं. त्येनं बर्फाचा ठोकळा घेतला, घोंगड्यात गुंडाळला आन् उचलला खांद्याव. आमी म्हनलं, ह्येच्या पाठीवर नुसतं पानीच येनार. पर धनगराचं घोंगडं ते! घरी आला तर नारळाएवढा बर्फ शिल्लक. नकोशीनं मुसळानं फोडला, कैरीच्या पन्ह्यात घातला, समद्यांना वाटला. म्हाळसानं एक तुकडा चोरून सोनबाच्या मानंवर ठिवला आन् ह्यो आसा उडाला की कुत्रं भुकाया लागलं. त्या दिशी मात्र सोनबा हसला. म्या माज्या डोळ्यांनी बघितला.

तवाच नकोशीनं इचारलं, "आबा, दिवाळीला मी कुटं यिऊ?"

त्येचं हसू जाग्याव विरलं. म्हाळसा लगालगा गिलासं गोळा कराया लागली. त्यो लेकीकडं बघं, माळाकडं बघं. "बघू," म्हनाला.

मला आसा संताप आला म्हनून सांगू! एवढा ग्वाड दिस आन् ह्यो लेकीला नुसतं बघू म्हनतो. पर त्येला तरी काय म्हनायचं? हितं त्येला झोप लागत न्हवती हेबी खरं. रोज माळावर जाऊन मेंढरांची वाट बघत बसायचा.

जेठ लागला आन् एक दिस दुपारचं माळावरनं धुरळा उटला. बिरू आला. मेंढरं, घोडी, बायका-पोरं, कोंबड्या, समदं चालतं बिऱ्हाड, धनगराचा वाडा म्हनत्यात त्यो. सोनबा आसा धावला की पायातलं पायतान वाटंत पडलं. मेंढरांच्या मधी जाऊन हुबा ऱ्हायला तर ती त्येला चिकटली, हात चाटाया लागली. एकेकीचं त्वांड धरून ह्यो बोलतोय, "आलीस व्हय गं, पाय कसा हाय तुजा?" म्या म्हाळसाकडं बघितलं. ती दारातनं आत गेली.

रातचं जेवन झाल्यावर बिरूनं इचारलं, "दाजी, काय ठरलं? मी उद्या इंदापूरकडं जातुया. मेंढरं ठिवून जाऊ का न्हेऊ?"

सोनबा जिमिनीवर काठीनं रेघा वढत बसला. "सकाळी सांगतो," म्हनाला.

सकाळी मेंढरं हलली, तर त्येंच्याबरूबर सोनबाबी निगाला. खांद्याव घोंगडं, हातात काठी. मी बांधाव हुबी. न ऱ्हावून वरडले, "सोनबा! कुटं निगालास रं?"

"गावाच्या सीवेपातूर सोडून येतो," त्यो म्हनाला. माज्याकडं त्येनं बघितलं न्हाय.

सीव कितीशी लांब? भाकरी थापून व्हईपातूर मानूस मागारी यावा. दुपार झाली. आमचं कारभारी दोनदा रस्त्याव जाऊन आलं. ऊन कललं. मी म्हाळसाकडं गेले. ती भांडी घासत व्हती, घासल्यालीच परत घासत व्हती. म्हनली, "रतनअक्का, म्या त्येंना बांधून ठिवलं न्हवतं." मी म्हनलं, "येऊ दे त्येला, काठी हिसकून घेते." तिला हसू आलं न्हाय. मलाबी न्हाय. तिथंच बसून ऱ्हायले.

दिवे लागायच्या टायमाला तिनं चूल पेटवली आन् एक भाकरी थापली. तेवढ्यात दारात पाय वाजलं. सोनबा. गुडघ्यापातूर धुरळा, डोळं लालबुंद. खाली बसला.

"लई उशीर झाला," म्हनाला. "बिरूला समदं सांगावं लागलं. कोनची मेंढी पायानं अधू हाय, कोनची पान्याला भिती, कोनच्या कोकराला आय न्हाय. एकेक हातात देऊन सांगितलं. आता त्येचीच ती." मंग जरा थांबून म्हनाला, "नकोशीला सांगावा धाड. दिवाळीला हितं ये म्हनावं. मला आजून काय कळत न्हाय ह्या गावातलं. पर तू हितं हसतीस. वाटंवर म्या तुला कदी तसं हसताना बघितलं न्हवतं."

म्हाळसा तव्याकडं बघत ऱ्हायली. "मी एकलीपुरतीच थापली," म्हनाली, आन् पदरात त्वांड खुपसून हमसून हमसून रडाया लागली.

सोनबानं माज्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. पार गोंधळला बिचारा.

"आगं, त्येला रडती कशापायी?" त्यो म्हनाला. "आर्धी आर्धी खाऊ की."