बारा रिकामी घरं

माझा दादा भित्रा आहे. हे मी त्याच्या तोंडावर सांगते, तेव्हा इथे लिहायला कसली लाज? अडुसष्ट वर्षांचा माणूस, पण मीठसुद्धा चमचा सपाट करून घालतो. "टाक ना अंदाजाने," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "अंदाजाने काही द्यायचं नसतं."

हे नोकरीतून आलंय. छत्तीस वर्षं तो इस्पितळात कंपाउंडर होता. दुसऱ्याच वर्षी एका बाटलीवरची चिठ्ठी ओली होऊन अक्षरं पसरली. दादाने रंगावरून औषध ओळखलं आणि एका बाईला देऊन टाकलं. ती थोडक्यात वाचली. नऊ दिवस तो तिच्या खाटेपाशी घुटमळत होता. तेव्हापासून नियम एकच: चिठ्ठी वाचता येत नसेल, तर बाटली मोरीत रिकामी करायची.

असा माणूस म्हातारपणी जॅझ शिकायला गेला, यावर हसावं की रडावं! पण त्याला पाठवणारी मीच. ट्रम्पेट त्याला शाळेच्या बँडपासून येत होता, अर्थात कागदावर असेल तेवढाच. वहिनी गेल्यावर दोन वर्षं तो खुर्चीत बसून भिंतीकडे बघत राहिला. शेवटी मी माळ्यावरून ट्रम्पेट काढला, त्याच्या मांडीवर ठेवला आणि त्याला टायरच्या दुकानावरच्या वर्गात नेऊन बसवलं. पियानो वाजवणाऱ्या एक बाई तिथे शिकवतात, वयाने दादाच्या लेकीसारख्या.

पहिल्याच दिवशी बाईंनी कागद दिला. वर सुरावट छापलेली, ती सगळ्यांनी मिळून वाजवायची. खाली तालाची बारा घरं, आणि त्यांत सुरांऐवजी नुसत्या तिरप्या रेघा.

"बाई, इथे छापायचं राहिलंय," दादा म्हणाला.

"राहिलं नाही, काका. तिथे एकेकाने आपलं आपलं वाजवायचं. त्या क्षणी सुचेल ते."

"आणि चुकलं तर?"

"चुकलेला सूर परत वाजवा. लोकांना वाटेल, मुद्दाम केलंय."

वर्ग हसला. भीतीने त्याच्या तोंडाला कोरड पडते, आणि कोरड्या ओठांनी ट्रम्पेट वाजत नाही, नुसती फुसफुस होते. आठ महिने हेच चाललं. त्याची पाळी आली की बारा घरं मुकाट्याने निघून जायची.

मग बाईंनी जाहीर केलं, रविवारी चार वाजता वाचनालयाच्या सभागृहात कार्यक्रम. घरी येऊन दादा शांतपणे म्हणाला, "ह्या वेळी जमलं नाही, तर ट्रम्पेट कुणाला तरी देऊन टाकीन."

तो चिडून बोलला असता तर मी भांडले असते. त्या शांतपणानेच माझं धाबं दणाणलं. मला ती भिंतीसमोरची खुर्ची दिसायला लागली.

त्या आठवड्यात त्याने लबाडी केली. शाईच्या पेनाने, चिठ्ठ्यांवर लिहायचा तशा बारीक अक्षरात, बाराही घरं सुरांनी भरून टाकली आणि रोज ती वाचून वाजवली. ऐकायला ठीकच होतं. हरवू नये म्हणून रविवारी सकाळीच कागदाची घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली, आणि दुपारपर्यंत शंभरदा खिसा चाचपला. घामाने सदरा पाठीपोटाला चिकटला होता.

मी पहिल्या रांगेत बसले. दादाने स्टँडवर कागद उलगडला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. तेव्हाच माझं लक्ष त्याच्या खिशाकडे गेलं. खिसा निळा झाला होता. छापलेली सुरावट शाबूत होती, खालच्या बारा घरांत नुसते डाग.

सुरावट झाली. बाईंनी मान हलवून त्याला खूण केली. एक घर गेलं. दुसरं गेलं. ड्रमवाला वाजवतोय, बाई वाजवतायत, आणि दादा डागांकडे बघत उभा. तिसरं, चौथं. मी बोटांवर मोजत होते. त्याच्या मनात काय चाललंय ते मला ठाऊक होतं: चिठ्ठी वाचता येत नाही, बाटली मोरीत. ट्रम्पेट हळूहळू खाली आला, छातीपर्यंत. संपलं, मला वाटलं.

त्याने ओठांवरून जीभ फिरवली, ट्रम्पेट वर उचलला आणि एक सूर काढला. फाटका, वाकडा. मागे कुणीतरी खोकलं. दादाने डोळे मिटले आणि तोच वाकडा सूर परत काढला. मग तिसऱ्यांदा, पुढे दोन सूर जोडून. बाईंनी पियानोवर त्याच सुराने उत्तर दिलं. दादा दचकला, पण थांबला नाही. धडपडला, सावरला, पुन्हा धडपडला. सुंदर होतं असं मी म्हणणार नाही. बारावं घर संपलं आणि शेजारच्या सॅक्सोफोनवाल्याने पुढचं उचललं.

कार्यक्रमानंतर तो बाहेरच्या पायरीवर बसला.

"फार भ्यालो गं."

"अख्ख्या सभागृहाला दिसलं ते."

तो हसला नाही. निळ्या खिशावर हात ठेवून त्याने हळूच विचारलं, "अंदाजाने दिलं मी आज. कुणाला काही झालं नाही ना?"

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले.

"नाही रे दादा," मी म्हणाले. "कुणाला काही झालं नाही."