सारख्या वजनाची पूड

वजनकाटे दुरुस्त करून अचूक लावावेत ते थोरल्या भावानंच. शाळा सातवीपर्यंत, पण काचेच्या पेटीतला सोनाराचा काटा त्यानं लावला की पारड्यात पापणीचा केस ठेवा, काटा हलणारच. येणाऱ्याजाणाऱ्याला तो हे ऐकवायचा आणि पुढं म्हणायचा, धाकट्याचा हात तर माझ्याहून हलका.

तो हात आता थरथरत होता. पाठीच्या ऑपरेशननंतरच्या दुखण्याच्या गोळ्या धाकट्याला सुटेनात. एक वेळ चुकली की घाम, उलट्या. दवाखान्यात गेलं तर चारचौघांत बोभाटा, म्हणून थोरल्यानं कुणाकडून तरी, हिनं गोळ्या सुटतात म्हणे, अशी हिरवी पूड आणली. झाडपाल्यानं कुणाचं काय वाकडं झालंय, म्हणाला. रोज सकाळी श्वास रोखून तो पूड तोलायचा. उन्हात हिरवे कण तरंगायचे, पारडी झोपेतल्यासारखी डुलायची आणि वाटायचं, भाऊ असाच कणाकणानं परत येतोय.

दुसरं पाकीट फोडलं तेव्हाही वजन तेवढंच. पण धाकटा टेबलावर डोकं टेकून झोपला तो उठेना. श्वास लांब लांब, ओठ निळसर. थोरल्यानं त्याला उचलून दवाखाना गाठला.

धाकट्यानं डोळे उघडल्यावर थोरला डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "वजनात माझी चूक नाही, बाई."

"नसेलच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण पुडीत काय मिसळलंय, किती जोराचं, ते तुमच्या काट्याला कुठं दिसतं?"

त्यांनी जिभेखाली विरघळणारी गोळी लिहून दिली. हीही त्या दुखण्याच्या गोळ्यांच्याच जातकुळीतली, हे लपवलं नाही. पण हिच्यात औषध किती ते ठरलेलं, तपासलेलं; कधी सुरू करायची ते त्या सांगणार, दर आठवड्याला बघणार. म्हणजे एक सोडून दुसरी धरायची, थोरला कुरकुरला. रक्तातल्या साखरेसाठी रोज गोळी घेणाऱ्याला तुम्ही नशेबाज म्हणता का, त्यांनी विचारलं.

"दादा," धाकटा पडल्या पडल्या म्हणाला, "ही तोलू नकोस हं."

आता सकाळी गोळी विरघळेपर्यंत धाकट्यानं बोलायचं नाही. थोरलाही शेजारी गप्प बसतो. एवढा गप्प तो जन्मात बसला नव्हता. उन्हात धूळ तरंगते. महिन्याभरानं धाकटा पुन्हा काटा लावायला बसला. त्यानं चिमट्यानं सर्वात बारीक वजन उचललं, पारड्यात ठेवलं. काटा डुलला, थांबला.

"माझ्या भावानं लावलाय," थोरला दुपारी गिऱ्हाइकाला म्हणाला, न विचारताच.