आजोबांच्या तक्रारीची मुदत

आमच्या गल्लीत पक्की खबर आहे की माझी आत्या पालिकेचे कागद घरी आणते आणि त्यांवर अंघोळीचं पाणी तापवते. न्हावीकाका कात्री हवेत थांबवून, डोळे बारीक करून गिऱ्हाइकाला सांगतात, "धूर बघितलाय मी, धूर! निळा! शाईचा!"

साफ खोटं. आत्याकडे गिझर आहे, आणि धूर शेजारच्या काकूंच्या करपलेल्या भाजीचा. खरं एवढंच, की पालिकेच्या रेकॉर्डरूममध्ये कागदाचा जन्म, नांदणं आणि मरण आत्याच्या हातात असतं. कागद आला की ती त्याची मुदत ठरवते. जन्माच्या नोंदी, नकाशे कायमचे, ते लाल रुमालात. तक्रारी दहा वर्षांच्या, त्या पांढऱ्या रुमालात. (हा रुमाल म्हणजे फायली बांधायचं भलंमोठं फडकं. नाकाशी त्याचा काही संबंध नाही.)

मुदत संपली की कागद लगद्याच्या कारखान्यात. पण त्याआधी आत्या गावातल्या दोघांना साक्षीला बसवते आणि एकेका फायलीचं नाव वाचते, वर्गात हजेरी घ्यावी तसं, एका सुरात, पंख्यासारखं. साक्षीदार "जाऊ दे" म्हणाले की फाईल पोत्यात. गेल्या वर्षी न्हावीकाकांच्या वडिलांचा अर्ज निघाला. काका गयावया करत होते, "ताई, एवढा एक ठेवा ना!" आत्याने ठेवला नाही. गल्लीत धूर दिसायला लागला तो तेव्हापासून.

यंदा यादीत आमचे आजोबाच निघाले. म्हणजे त्यांची तक्रार, रस्त्यावरच्या दिव्याबद्दल. बाबा आत्याच्या मागेच लागले.

"ताई, अण्णांच्या हातचं एवढंच उरलंय गं. लाल रुमालात सरकव ना. कोण बघतंय?"

"न्हावीदादा बघतायत," आत्या म्हणाली. यंदाही साक्षीला तेच होते.

मी म्हटलं, "आत्या, पैज! तू नाही टाकणार. वडील आहेत तुझे."

"आणि टाकली तर?"

"तर सुट्टीभर तुझी कपाटं झाडीन."

हजेरी सुरू झाली. आजोबांच्या फायलीशी आत्या थांबली. एरवी नुसतं नाव वाचते, या वेळी फाईल उघडली. घसा खाकरला, टेबलावर थाप मारली, आणि तिच्या तोंडून चक्क आजोबा बाहेर पडले!

"मेहेरबान साहेब! आपला दिवा दिवसा जळून सूर्याला वाट दाखवतो. रात्री आम्ही कुणाला धरून चालावं? न्हाव्याला? तो कालच गटारात पडला!"

"पडलो होतो हो!" न्हावीकाका डोळे पुसत खिदळले. "अण्णाच की हे, हुबेहूब!" दाराशी उभे असलेले बाबाही हसले, पण रडवेले. मग काका हळूच म्हणाले, "ताई, ठेवा ही. मी कुठे बोलणार नाही."

आत्याने कागदावरून एकदा हात फिरवला. "तुमचे वडील गेले, दादा. मग माझे कसे राहतील?"

काकांनी दुसऱ्या साक्षीदाराकडे पाहिलं. "जाऊ दे," दोघंही म्हणाले, अगदी बारीक आवाजात.

फाईल पोत्यात गेली. "पुढची," आत्या म्हणाली, पुन्हा पंख्याच्या सुरात.

कपाटं छतापर्यंत आहेत. मी धुळीने शिंकतोय, आणि आत्या खालून शिडी धरून ओरडतेय, "वरचा कप्पा राहिला, पैजवीर!"